पडद्यावरचं नाव

पौडच्या रस्त्याला, पिठाच्या गिरणीशेजारी त्या बाईंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मी एकदाच गेलो तिथे. माझ्या लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी सिस्टीमही होती. जागा पुरेना म्हणून मी लिनक्स काढून टाकलं, आणि लॅपटॉप सुरूच होईना. नुसता काळा पडदा.

बाईंनी पदराला हात पुसून लॅपटॉप जवळ ओढला.

"चालू व्हताना ह्यो आधी लिनक्सला इचारायचा, कुटं जायचं ते. तुमी तेच काढलंत, म्हणून अडकलाय."

पेनड्राइव्ह लावून त्यांनी तो थोड्या वेळात सुरू करून दिला.

तेवढ्यात लाइट गेली आणि लगेच आली. त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. पडद्यावर दोन पर्याय आले. एक विंडोज, आणि दुसऱ्या ओळीत कुणा मुलाचं नाव. काहीच निवडलं नाही तर विंडोज सुरू होणार होतं, त्याचे सेकंद खाली उलटे मोजले जात होते.

"हे कोण?"

"पोरगा माजा. त्यानंच शिकवलं मला हे समदं. जाताना त्यानं त्याची सिस्टीम पुसली, नाव तेवढं ऱ्हायलं."

"कुठे असतो?"

"हितं हिंजवडीलाच. लई लांब न्हाई. पण येनं व्हत न्हाई त्याचं."

"मग ते नावही काढून टाका ना. तुम्हाला तर येतं."

"येतंय की. पण सकाळी दुकान उघडलं की तेवढंच दिसतंय."

एंटर दाबलं असतं, तर विंडोज लगेच सुरू झालं असतं. बाईंनी हात मांडीवर ठेवले, आणि नाव आपोआप जाईपर्यंत त्या पडद्याकडे बघत राहिल्या.