तुमच्याच नंबरावर

औषधाच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई उभ्या होत्या, शेजारी त्यांच्या सासूबाई. दुकानदारांनी सॅनिटरी पॅडचं पाकीट रिवाजाप्रमाणे वर्तमानपत्रात गुंडाळलं, वर काळी पिशवी चढवली आणि बिलासाठी मोबाइल नंबर विचारला. बाईंनी तो हळूच सांगितला. स्क्रीनकडे बघत दुकानदार मोठ्यानं म्हणाले, "वहिनी, झोपेच्या गोळ्या संपल्या असतील ना? देऊ?"

"कसल्या गं गोळ्या?" सासूबाईंनी विचारलं.

"दुसऱ्या कुणाच्या असतील, आई."

"नाही हो, तुमच्याच नंबरावर दिसतायत!"

बाई हसल्या. इतकं केविलवाणं हसू मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

चळवळीची पत्रकं वाटत मी मोठी झाले. सगळं चव्हाट्यावर आणायचं, हेच शिकले. पण ते सत्तेच्या व्यवहारांबद्दल होतं; बाईच्या उडालेल्या झोपेबद्दल नव्हे. ज्यात लपवण्यासारखं काही नाही ती पाळी आपण कागदात गुंडाळतो, आणि जे तिचं एकटीचं आहे ते भर दुकानात वाचून दाखवतो. मला विसराळू माणसांची फार आठवण येते. विसरणं हीसुद्धा एक माया होती. या यंत्राला ती कुणी शिकवलीच नाही.

गोळ्या न घेताच त्या दोघी निघाल्या. मागे धावत जाऊन बाईंना सांगावंसं वाटलं, की अमुक दुकानात जा, तिथे काही विचारत नाहीत. पण असं एकही दुकान मला आठवेना.