दादाचे शेवटचे चार तुकडे

दादा गेल्याच्या सहाव्या दिवशी त्याचा कॉम्प्युटर आपोआप बंद पडला आणि मी ओरडले. धुळ्याच्या त्या घरात माझा आवाज एवढा कधी चढला नव्हता.

दादा फिजिक्स शिकवायचा. कॉम्प्युटरवर त्याने एक प्रोग्राम ठेवला होता. औषधांच्या संशोधनातलं एखादं अवाढव्य गणित तुकडे करून जगभरच्या घरांमध्ये वाटलं जातं. ज्याचा त्याचा कॉम्प्युटर आपला तुकडा सोडवून परत पाठवतो. दादाने शेवटचे घेतलेले चार तुकडे अजून चालू होते. मुदत रविवार संध्याकाळ. ती चुकली की ते दुसऱ्या कुणाला दिले जाणार. दहाव्यावर त्याचा विश्वास नव्हता, या तुकड्यांवर होता. मला ते पुरे करायचे होते, बस.

हात लावला तर कॅबिनेट भाजत होतं. त्यावर जुन्या साडीचं शिवलेलं झाकण, खालपर्यंत नीट ओढलेलं.

"हे कुणी झाकलं?"

"मीच झाकं," आमची आत्या म्हणाली. तिला आम्ही अक्का म्हणतो. "त्यान्ही वस्तू शे. सुतकमा उघडी कशी ठेवू?"

"अगं, चालू होतं ते! श्वास कोंडला त्याचा!"

दारातून काका म्हणाले, "मानूस गया, अन् तू मशीनसाठे भांडस?"

"हो, भांडते!"

अक्काने झाकण काढून छातीशी धरलं. मला तिची दया आली नाही.

झाकण नसतानाही दुपारी मशीन पुन्हा बंद पडलं. मे महिना, पत्र्याखालची खोली. दर वेळी प्रोग्राम शेवटी जपून ठेवलेल्या जागेपासून सुरू व्हायचा आणि मधलं काम वाया जायचं. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर शंभर टक्के. मग प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये गेले. तिथेही शंभर. दादाने स्वतः लिहिलेलं.

खरा राग तेव्हा आला. छातीत दुखतं हे या माणसाने कुणाला सांगितलं नव्हतं. जळगावहून मी फोन केला की म्हणायचा, "पेपर तपासतोय गं, नंतर बोलू." दोन तासांवर सख्खी बहीण होती. एक दिवस रजा काढली असती तर कॉलेज काही कोसळलं नसतं. सगळं ऊर फुटेपर्यंत चालवायचं, मशीनसुद्धा. आणि वर आम्हाला शिकवायचा, यंत्राला क्षमतेपेक्षा कमी चालवावं म्हणून.

प्रोसेसरचा वेळ मी साठ टक्क्यांवर आणला. तापमान उतरलं, पण प्रोग्राम क्षणभर पळे, क्षणभर थांबे, आणि पंख्याचा आवाज धाप लागल्यासारखा वरखाली होई. तो आवाज मला ऐकवेना. मग वेळ पुन्हा पूर्ण केला आणि प्रोसेसरच्या चार कोअरपैकी, म्हणजे एकेक तुकडा सोडवणाऱ्या भागांपैकी, दोनच दिले. दोन तुकडे चालू लागले, दोन रांगेत थांबले. पंखा एका लयीत आला.

"आते हळू चालस," अक्का म्हणाली. "व्हई का रविवारपर्यंत?"

"माहीत नाही."

पुढचे दिवस मी तिथेच खुर्चीत पुस्तक उघडून बसले. एक पानही वाचलं नाही. मशीन मात्र एकदाही बंद पडलं नाही. पहिले दोन तुकडे शुक्रवारी सकाळी गेले. उरलेले दोन रविवारी दुपारी, अक्का चहा घेऊन आली तेव्हा. ती कप धरून पडद्याकडे बघत राहिली.

"गयात बठ्ठा?"

"गेले."

तिने कप ठेवला आणि कोपऱ्यातून ते झाकण आणलं. मी काही बोलायच्या आत कात्रीने मागच्या बाजूला पंख्याएवढा चौकोन कापला, चिंधी कमरेला खोचली आणि झाकण घातलं.

प्रोग्रामने नवे तुकडे मागून घेतले होते, दादाच्याच नावावर. मी ते थांबवले नाहीत. कोअर दोनच ठेवले. हेच, थोडं हळू चालणं, मला त्याला समोर बसवून करायला लावायचं होतं, आणि त्याने ते करू दिलं नाही, याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही.