दाव्याचे वेढे

म्हशींना लस टोचायला आम्ही गुरांच्या दवाखान्यातले लोक एका वस्तीवर गेलो होतो. नव्यानेच आलेल्या सुरेशने दाव्याचे दोन वेढे तळहाताला घट्ट गुंडाळले आणि म्हैस धरली. आमचे जुने शिपाई दगडूमामा पुढे झाले आणि त्यांनी ते वेढे एकेक करून सोडवले.

"नुसतं मुठीत धर."

"पण सुटली तर, मामा?"

"सुटू दे. म्हैस संध्याकाळी गोठ्यात परत येते."

मामांच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत, हे सुरेशच्या तेव्हा लक्षात आलं.

मी सिरिंज भरत होते. मनात आलं, घट्ट धरायला आपल्याला सगळेच शिकवतात. वेळ आली तर सोडता येईल असं धरायचं, हे मात्र ज्याचं काही गेलंय तोच सांगतो. घरी मीही किती गोष्टी अशा गुंडाळून धरल्या आहेत.

सुई टोचताच म्हशीने हिसडा दिला. दावं सुरेशच्या मुठीतून सर्रकन निघून गेलं आणि ती बांध ओलांडून पळाली. त्याच्या तळहातावर फक्त एक लाल रेघ उरली.

म्हशीमागे कोणीच धावलं नाही. मामांनी सुरेशचा हात आपल्या हातात घेतला आणि त्याच्या पाचही बोटांवरून सावकाश अंगठा फिरवला.