पालथी पायरी

टेकडीवरच्या जुन्या चर्चकडे जाणाऱ्या वाटेला दोनशे अकरा पायऱ्या. त्या सांभाळणाऱ्या पाथरवटाला सगळे पालथ्या म्हणत, आणि त्याला त्याचा केवढा अभिमान! पायरी झिजून खोलगट झाली, की हा पहार लावून ती उचलायचा, उलटी करायचा आणि तिथेच बसवायचा. खालची बाजू कोरी करकरीत. "ही युक्ती माझ्या डोक्यातली," असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. फादरना तर ते तोंडपाठ झालं होतं.

या खेपेला मात्र काम घरचं होतं. बायकोची नजर चालली होती. डॉक्टर म्हणाले, फार तर दोन महिने दिसेल. वेदीमागची रंगीत काच तिला एकदा डोळे भरून पाहायची होती. पण गेल्या वेळी त्र्याहत्तराव्या पायरीच्या खळग्यात पाय घसरून ती पडली, आणि तिने धसकाच घेतला.

"अहो, तेवढी पायरी धड करा, मग येते. नाहीतर राहू दे."

दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याने पहार लावली. दगड उलटला आणि तो मटकन खाली बसला. खालची बाजूही झिजलेली! म्हणजे त्याच्या कितीतरी आधी कुणा पठ्ठ्याने ती उलटवली होती. अरे देवा! छिन्नीला दाद न देणारा तो काळा दगड, आणि माणसांच्या तळव्यांनी तो दोनदा झिजवला! कुणी लेकरू मागायला आलं असेल, कुणी लेकरू पुरून आलं असेल. त्याने खळग्यावरून हात फिरवला. चाळीस वर्षांची फुशारकी कुठल्या कुठे गेली, आणि त्याला त्याचं वाईटही वाटलं नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

पण आता बसवायचं काय? खाण कधीच बंद पडलेली. असा दगड एकच उरला होता, त्याच्या दारातली आजोबांच्या वेळची पायरी. त्याने दोन्हींची अदलाबदल केली, घरची तिथे पालथी घालून.

रविवारी बायको घराबाहेर पडली आणि थबकली. "अगं बाई, आपली पायरी कुठे गेली? ही कुठली? हिचा खळगा वेगळाच!"

"तू चल तर खरी."

त्र्याहत्तरावी आली. तिने त्याचा हात धरून भीत भीत पाय टेकला. सपाट! ती वाकली, कड चाचपली. सुऱ्या घासून घासून पडलेली खाच बोटांना लागली.

"अहो, ही तर आपली!"

"हो. खालच्या अंगाला आजीची, आईची नि तुझी पावलं आहेत."

तिने खाचेवरून पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाली, "पुढे कधी कुणी उलटवली तर?"

"मटकन बसेल माझ्यासारखा. म्हणेल, बाप रे, किती हजार माणसं चढली असतील! त्याला काय ठाऊक, तिघी जणी नुसत्या घरात पाणी भरत होत्या म्हणून."

बायको खुदकन हसली, त्याचा हात सोडला आणि चौऱ्याहत्तरावी पायरी एकटीच चढली.