मंगळवार-शनिवारची गैरहजेरी

सौंसरच्या कलाबाईंना चौकशीची खोड. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईचं माहेर विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एका संस्थेनं हीच खोड कामाला लावली. बिथरलेल्या पोरांसाठी शाळा, दवाखाना, ठाणं आणि घर यांची एकमेकांशी गाठ घालून द्यायची, हे त्यांचं काम.

रामाकोन्याच्या अश्विनीचं प्रकरण आलं, तेव्हा सगळे निकाल देऊन मोकळे झाले होते. दहावीतली पोरगी शाळा बुडवते, म्हणजे काहीतरी भानगडच, असं गुरुजी म्हणाले, शेजारणीही म्हणाल्या. बाप गौतम शाळा सोडवायला निघाला होता. रविवारी तिला पाहायला पाहुणे येणार होते. पोरगी तोंड उघडत नव्हती.

कलाबाईंनी हजेरीपत्रक मागून घेतलं आणि बोट ठेवत वाचलं. गैरहजेरी मंगळवारी, नाहीतर शनिवारी. एकही बुधवार नाही. भानगडीला वार कधीपासून लागायला लागला, बापा? या मुलखात मंगळवार-शनिवारी माणसं कुठं जातात, हे शेंबडं पोरही सांगेल. जामसांवलीला, मारुतीच्या दर्शनाला; मनाचं दुखणं असलेली तर हमखास. पण गौतमचं घर बौद्ध, रोज वंदना म्हणणारं. तिथं हे कुणाच्या डोक्यात येणार!

त्या रामाकोन्याला गेल्या. अश्विनीला काहीच विचारलं नाही. तिची आई प्रमिला कापूस निवडत होती, तिच्याजवळ बसून झोप लागते का, एवढंच विचारलं. प्रमिलाचे हात थांबले. वर्षभर झोप नाही, छातीत धडधड. शेतावरच्या कुणी जामसांवली सांगितलं, एकटीला जायची भीती वाटे, म्हणून लेकीला सोबत नेई. नवऱ्याला कळू नये म्हणून लेकीला शपथ घातली होती.

आईपायी पोरीनं बदनामी अंगावर घेतली होती. कलाबाईंना गलबलून आलं, आणि स्वतःचा रागही. आधी त्यांच्याही मनात भानगडच आली होती.

डॉक्टरांची वेळ त्यांनी ठरवली, गुरुजींनाही गाठून पोरीचं नाव काढू नका म्हणून सांगितलं. नवऱ्याला सांगायचं मात्र प्रमिलाच्याच गळ्यात घातलं. संध्याकाळी ती चुलीपाशी बसून बोलली. गौतम लेकीकडे वळला.

"मले काऊन नाही सांगतलं?"

"तुमी इचारलं कुठी, बाबा? तुमी ठरवूनच बसले होते."

गौतमनं फोन काढला आणि रविवारी येऊ नका म्हणून पाहुण्यांना कळवलं. दवाखान्याचा दिवस कोणता, ते त्यानं प्रमिलाला विचारलं. कलाबाईंनी मुद्दामच जामसांवलीचा वार, मंगळवार घेतला होता.

"मी नेतो तुह्या मायले," तो अश्विनीला म्हणाला. "तू शाळेत जाय."