डाव्या कडेची बाई

दिराने फोटो छापायचं ते मशीन मागवलं आणि घरात त्याची फुशारकी मावेना. डब्याएवढं तर मशीन! मोबाइलवरून फोटो धाडायचा, की कागद चारदा आत-बाहेर करतो. आधी पिवळा रंग, मग लाल, मग निळा, शेवटी वरून चकाकी. पिवळ्या फेरीत सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी दिसते. दिराचं तोंड तसं पाहिलं की मला बरं वाटायचं.

माझा नवरा गेला तेव्हा दिराची पोरगी दीड वर्षाची होती. जाऊबाई नोकरीसाठी रोज वाशीमला जायच्या, म्हणून पोरीचं न्हाणं-खाणं माझ्याकडेच. मंगरूळपीरला तिचं लग्न लागलं, घरच्यांचा फोटो काढायला सगळे उभे राहिले. विधवा बाई, म्हणून मी आपली मागे सरले. पोरीनंच हाक मारून रांगेत घेतलं, तेव्हा डाव्या कडेला उभी राहिले.

दिराने तो फोटो छापून बैठकीत लावला, तर जाऊबाईंच्या खांद्यापाशीच फोटो संपलेला. मी नाहीच! विचारलं तर मान वर न करता म्हणतो, "मशीनच कडा कापते वहिनी. मी काय करू?"

आता मशीनशी काय भांडावं? 

परवा तो कामरगावच्या बाजारात गेला होता. कपाट आवरताना फोटोकागदाच्या रिकाम्या खोक्यात मला तोच फोटो सापडला. भोवती पांढरी पट्टी सोडून अख्खा छापलेला, डाव्या कडेला मी. म्हणजे मशीनला अख्खा फोटो छापता येत होता. त्याने तो छापला, पाहिला, खोक्यात टाकला आणि मला कापून दुसरा काढला.

तळपायाची आग मस्तकात गेली. चौकट उतरवली, फोटो बदलला, परत टांगली.

तो आला, भिंतीकडे पाहून कुरकुरला. शुभकार्याचा फोटो आहे, लोक काय म्हणतील, वगैरे. चौकटीकडे हात नेला तशी मी आडवी उभी राहिले.

"मशीनचं नाव कायले घेता भाऊजी? कापलं तुमीच. रविवारी पोरगी येऊन राह्यली. मले कायले कापलं, ते तिलेच सांगा."

त्याचा हात खाली आला.

पोरगी आली, फोटो पाहिला, माझ्याजवळ बसून जेवली. दीर आता त्या भिंतीकडे पाठ करून जेवतो. ताट मीच वाढते.