छताचं वजन

आमच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून अर्धा देश पालथा घातला. आजोबांना त्याचा कंटाळा आला, म्हणून त्यांनी घाटंजीकडे जमीन धरली आणि तांड्यात बस्तान बसवलं. वडिलांनी तिथे स्लॅबचं घर बांधलं आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं की यापुढे आपल्यातल्या कोणाला बिऱ्हाड घेऊन हिंडायची पाळी येणार नाही. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, निवृत्त झालो आणि पहिलं काम काय केलं, तर एक जुनी पिकअप घेऊन तिच्या पाठीवर घर बसवलं.

भाऊबंदांनी मला वेड्यात काढलं. थोरला चुलतभाऊ तर गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "चांगलं घर हाये तुले, मंग रस्त्यावर कायले झोपतं?" मी त्याला मोबाइलवर परदेशातल्या एका माणसाचा व्हिडिओ दाखवला. त्या माणसाच्या गाडीचं छत वर उचललं जायचं आणि आत ऐसपैस खोली तयार व्हायची. भावाने तो पूर्ण पाहिला आणि विचारलं, "याले घर नाई का?"

आमचं फिरतं घर पांढरकवड्याला तयार झालं, हायवेवर ट्रकच्या बॉड्या बांधतात त्या गॅरेजात. आत एक पलंग, एक छोटा ओटा, त्यावर शेगडी. छत बंद असलं की वाकून शिरावं लागायचं आणि पलंगावर आडवं होण्यापलीकडे काही करता यायचं नाही. छत पुढच्या बाजूने, ड्रायव्हरच्या डोक्यावर, बिजागऱ्यांनी जोडलेलं होतं. मागची कड उचलली की ते पेटीच्या झाकणासारखं वर जायचं, बाजूंची ताडपत्री ताणली जायची आणि माणूस ताठ उभा राहू शकायचा. व्हिडिओतला माणूस ते एका हाताने उचलत होता. त्याचं छत कशाचं आहे, याची चौकशी मी केली नव्हती. माझं छत ट्रकवाल्या मिस्त्रीने केलं होतं, आणि त्याच्या लेखी हलकी वस्तू म्हणजे फसवणूक.

त्यातच माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही असं बजावलं. बायकोचा उजवा खांदा आधीच आखडलेला. म्हणजे घर होतं, पण ते उघडायला घरमालक लायक नव्हते.

बायकोला गाडीचं कौतुक फारसं नव्हतं. तिला त्या गाडीतून एकच गोष्ट हवी होती आणि ती तिने मला स्वच्छ सांगितली होती. आमच्याकडे पाहुणा पुरुष आला की त्याला खाट टाकून देतात. पाहुणी बाई आली की तिची विचारपूस होते, पाणी होतं, आणि मग ती आपणच उठून स्वयंपाकघरात जाते. तिला कोणी जा म्हणत नाही, पण बसून राहिली तर वर्षभर तिचं नाव निघतं. बायको लग्नाला गेली, बारशाला गेली, तेराव्याला गेली, सगळीकडे तिने फक्त चुली पाहिल्या. ती म्हणाली होती, "मले एक रात्र अशा ठिकाणी नेऊन झोपवा, जिथं सकाळी उठून कोनाच्याच भाकरी थापा लागनार नाईत. तुमच्या बी."

हे काही ताजमहाल बांधून मागणं नव्हतं. तरी ते जमेना.

पहिल्याच सफरीत उमरखेडच्या अलीकडे एका शेताच्या कडेला गाडी लावली. छत उचलायला माणसं हवीत, म्हणून मी जवळच्या बांधावर बसलेल्यांना हाक मारली. चारपाच जण आले. हसत खेळत छत उचललं, टेकू लावला, आणि आत डोकावून पाहिलं. मग चौकशी सुरू झाली. कुठले, कोण्या तांड्याचे, मुली कुठे दिल्या. आमच्या जिल्ह्यात एवढे प्रश्न विचारल्यावर नातं निघाल्याशिवाय राहत नाही. आमचंही निघालं. एकाची आत्या माझ्या साडूच्या वहिनीची सख्खी जाऊ होती. झालं! "घर असतांना पाव्हण्यानं गाडीत झोपावं? लोक आमच्या तोंडात शेण घालतीन." ज्या हातांनी छत उघडलं त्याच हातांनी ते बंद केलं आणि आम्हाला घरी नेलं. मला खाट मिळाली. बायको कुठे गेली ते तुम्हाला ठाऊकच आहे.

पुढच्या प्रत्येक सफरीत हेच झालं. नातं नाही निघालं तर वाघ निघायचा. "इकडं वाघ फिरून राह्यला सर, घरी चला." शिवाय निघताना कोणी रिकाम्या हाताने जाऊ देईना. तुरीच्या डाळीचं पोतं, कोहळे, ज्वारीची चुंगडी, आणि गाडी तिकडे चाललीच आहे तर कोणाच्या तरी मुलीकडे पोचवायची घडीची खाट. सगळं छतावर बांधलं जायचं. एकाचं उतरवलं की दुसऱ्याचं चढायचं. पूर्वजांची बैलांवरची लदेणी अशी पुन्हा सुरू झाली, फक्त यावेळी बैल मी होतो.

एकदा असंच सामान पोचवून घरी आलो. बायकोने पायरीवर बसून खांदा चोळत निकाल दिला. "छत आपल्या दोघांच्या हातानं उघडन, त गाडी ठेवा. नाई त विकून टाका. लोकाइच्या चुली पाह्यले मले गाडीची गरज नाई, यष्टी हाये."

मी घाबरलो. गाडी विकावी लागेल याला नाही. ती हे इतक्या शांतपणे बोलली, त्याला.

उपाय जावयाच्या कारमध्ये सापडला. तिची डिकी बोट लावताच आपोआप वर जायची. दोन्ही बाजूंना गॅस भरलेल्या बारीक नळ्या होत्या, ज्यांना गॅरेजवाले डिकीचे शॉकअप म्हणतात. तसेच जाड शॉकअप छताला लावायचे, की झालं. मी त्याच आठवड्यात पांढरकवडा गाठलं. बायको घरीच होती.

मिस्त्री म्हणाला, "होईन सर. पन छताचं वजन कळ्ळं पायजे. त्या हिशोबानं शॉकअप आनतो." कापूस मोजायचा ताणकाटा त्याने कुठून तरी पैदा केला आणि साखळीने वरच्या आडव्या गर्डरला टांगला. मग छताच्या मागच्या कडेला हुक अडकवण्याआधी त्याने विचारलं, "सामान उतरवू का?"

छतावर तेव्हा दोन पोती, खाट आणि सात-आठ कोहळे होते. मी म्हणालो, "कशाला? छत म्हणजे सामानासकटच की. असंच असतं ते नेहमी."

भूगोलाच्या माणसाला साजेसं उत्तर होतं. मिस्त्रीलाही पटलं, रिकाम्या टपाने जाणारी गाडी त्याने तरी कुठे पाहिली होती? उलट त्याने समजूतदारपणे सुचवलं, "थोडं जादाच धरतो सर. पुढं पाव्हणे वाढतीनच." मीही खूश झालो.

शॉकअप आले. मिस्त्रीने पेटीच्या कडेला आणि छताच्या चौकटीला पट्ट्या वेल्ड केल्या, त्यांवर गोल डोक्याचे बोल्ट बसवले आणि नळ्या खटकन अडकवल्या. शेजारच्या ढाब्यावरचे ट्रकवाले चहाचे ग्लास घेऊन बघायला आले होते. मी मागची कडी काढली, बोट लावलं, आणि छत पोत्यांसकट, खाटेसकट, कोहळ्यांसकट संथपणे वर चढलं. ट्रकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मी ते एका हाताने खाली घेतलं, परत वर सोडलं, परत खाली घेतलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नोकरीची ऑर्डर हातात पडली तेव्हासुद्धा आलं नव्हतं.

घरी येऊन मी ही बातमी अशी सांगितली, जणू शॉकअपचा शोध मीच लावला. बायकोने एक अट घातली. या सफरीला छतावर कोणाची काडीसुद्धा नको. तिने पोती आणि कोहळे ज्याचे त्याला पोचते केले, खाट जिथे जायची तिथे धाडली आणि स्टुलावर चढून, डाव्या हाताने, छत पुसून काढलं. गाडी दारात उभी होती, कडी लावलेली होती. त्या पुसलेल्या छताकडे पाहून मला काही म्हणजे काही सुचलं नाही.

पांढरकवड्याच्या पुढे सागाच्या रानाजवळ एक तलाव आहे. तिथून एकही घर दिसत नाही, ही त्याची खासियत. हॉटेलातून भाजी-पोळी बांधून घेतली होती. ऊन कलल्यावर मी गाडी लावली आणि बायकोला म्हणालो, "तूच उघड." तिने कडी सरकवली आणि छत धाडकन वर गेलं. गाडी स्प्रिंगांवर डुलली. ती दचकून मागे सरली आणि मग अशी हसली, की झाडावरचे बगळे उडाले.

"लयच ताकदीचे हायेत," ती म्हणाली.

"नवीन आहेत," मी म्हणालो.

सकाळी मी तलावावर फिरून आलो तरी ती पडूनच होती. ऊन पांघरुणावर आलं, तोंडावर आलं, तरी उठली नाही. जागी होती, डोळे उघडे होते. तिला इतकी निवांत पाहून मला आनंदही झाला आणि कसंसंही झालं.

निघायची वेळ झाली तेव्हा छत खाली येईना.

आधी मी एका हाताने ओढलं, मग दोन्ही हातांनी. मग कडेला लोंबकळलो. छत वीतभर खाली आलं, मला अधांतरी झुलवलं आणि परत जागेवर गेलं. "टाके उसवतीन तुमचे, उतरा!" बायको ओरडली. मी उतरलो आणि मिस्त्रीला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वरचं सामान कुठं हाये?"

"उतरवलं."

"मंग खाली कसं येईन, सर?" तो म्हणाला.

नळीतला गॅस कमी करता येत नाही, ती कायमची बंद असते. छत उघडं ठेवून गाडी चालवता येत नाही. वर दगड चढवून बांधायचे तर त्यालाच माणसं लागणार. आता छत उघडायला कोणाची गरज नव्हती. बंद करायला अख्खी वस्ती हवी होती.

बायकोचा चेहरा उतरला. पुढे काय होणार हे तिला पाठ होतं. "जा, बलावून आना," ती म्हणाली. "पन मी कोनाच्या घरी येनार नाई. आधीच सांगून ठेवतो." चिडली की ती आमच्या भागातल्या बायांसारखी 'ठेवते'ऐवजी 'ठेवतो' म्हणते आणि मग तिचं म्हणणं बदलत नाही.

झाडीपलीकडच्या वस्तीतून पाचसहा पुरुष दोर घेऊन आले. गाडीत एक बाई रात्रभर झोपली, हे ऐकून त्यांच्या मागोमाग बायाही आल्या. पुरुषांनी छताच्या दोन्ही कोपऱ्यांना दोर बांधले आणि ठरलेलं वाक्य म्हटलं, "घर हाये ना आमचं, अथी कायले झोपले?" बाया मात्र दोराकडे न बघता सरळ गाडीच्या दाराशी गेल्या.

त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी होती ती आत चढली. तिने पलंग दाबून पाहिला आणि माझ्या बायकोला विचारलं, "रात्री सैपाक?"

"नाई केला."

"आन् सकाळी?"

"नाई केला."

म्हातारीने मागे वळून बाकीच्यांना सांगितलं, "नाई केला मनते." सगळ्यांनी ते ऐकलंच होतं. मग एकेक करून त्या सगळ्या आत चढल्या. कोणी पलंगावर, कोणी खाली, एक ओट्याला टेकून. गाडी त्यांच्या वजनाने बसली, छत मात्र हललं नाही.

"उतरा बाई आता, दोर ओढतो," एकजण बाहेरून म्हणाला.

"थांब थोडा," आतून आवाज आला.

पुरुष थांबले. दोर सोडून तलावाच्या पाळीवर उकिडवे बसले, तंबाखू मळली. आत काय बोलणं चाललं होतं ते ऐकू येत नव्हतं, हसणं तेवढं येत होतं. डोकावून पाहिलं तर म्हातारी माझ्या जागेवर आडवी झाली होती. थोड्या वेळाने पाळीवरून एकाने हाक दिली, "काकू, च्या त टाका!"

"काका टाकतेत," बायको आतून म्हणाली.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. शेगडी, पातेलं आणि चहाचं सामान दारातून माझ्या हातात आलं. एकजण वस्तीतून दूध घेऊन आला. मी दगडाच्या आडोशाला चहा ठेवला आणि अंदाज नसल्यामुळे दाराशी जाऊन विचारलं, "साखर कोणाला किती?"

आतल्या बाया एकमेकींची तोंडं बघू लागल्या. मला वाटलं माझं काही चुकलं. मग म्हातारी पडल्या पडल्या म्हणाली, "जशी असन तशी."

"मले बिनसाखरेचा," माझी बायको म्हणाली.

त्यावर एकीने हळूच अर्धा चमचा सांगितला. दुसरीला आलं हवं होतं. म्हातारी उठून बसली आणि तिने चांगली चिकट होईल इतकी साखर मागितली. मी तिथेच उभा होतो. लग्न झाल्यापासून आमच्या घरी चहा एकाच पातेल्यात होतो, माझ्या गोडीचा, रोज दोनदा. तो तीच करते आणि माझ्यासमोर बसून पिते.

साखर टाकण्याआधी मी तिचा कप गाळला आणि दारातून वर दिला. तिने एक घोट घेतला, डोळे मिटले. ते पाहून माझी मान खाली गेली आणि ती लवकर वर येईना.